कॅलिकिमेरा: मोठा न झालेला खेकडा?

एकानं विचारलंय की कोलंबियात जीवाश्मरूपात सापडलेला कॅलिकिमेरा परप्लेक्सा हा प्राणी कोळंबी आणि खेकडा यांच्यामधला दुवा आहे का. मला हे अजिबात पटत नाही. हे जीवाश्म नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि खेकडे तर त्याच्या कितीतरी आधी, ज्युरासिक काळातच होते. म्हणजे हा पूर्वज नव्हे, खेकड्यांच्याच कुळातली एक निराळी शाखा.

खरं नवल त्याच्या डोळ्यांत आहे. समुद्री खेकड्याचं पिल्लू अंड्यातून निघतं ते खेकड्यासारखं दिसतच नाही. आधी झोइया, मग मेगालोपा, अशा पिल्लाच्या दोन अवस्था. डोळे मोठे, शेपटी मोकळी, सगळा वेळ पोहण्यात. पुढे शेपटी पोटाखाली दुमडते आणि तो तळावर चालू लागतो. कॅलिकिमेरानं मात्र प्रौढपणीही मोठे उघडे डोळे राखले, शिवाय पाय वल्ह्यांसारखे. जीवाश्म-अभ्यासक हाविएर लुके आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच मांडलं: वाढीचं वेळापत्रक बदललं की नवी शरीररचना उभी राहू शकते. मला हा मुद्दा ‘विचित्र प्राणी’ अशा बातम्यांच्या मथळ्यांपेक्षा फार मोलाचा वाटतो.

याचं दुसरं टोक आपल्या पुण्याजवळच आहे. मुळशी-ताम्हिणीच्या ओढ्यांतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंड्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात. पोहणाऱ्या पिल्लाची अवस्था अंड्यातच उरकते, आणि आई त्यांना काही काळ पोटाखाली घेऊन फिरते.