बायको कमावते म्हणून जखमी सैनिकाचा मदतनीस भत्ता अडवायचा?

भांडुपकरीण
आमचे हे सैन्यात हवालदार होते. मणक्याला मार लागून कमरेखालचं सगळं गेलं. लष्कराच्या वैद्यकीय बोर्डाने १०० टक्के अपंगत्व धरून घरी पाठवलं. मी फोर्टमध्ये केंद्र सरकारी कार्यालयात आहे. सकाळी ७:५० ची लोकल, घरी परत यायला साडेसात. दिवसा ब्युरोचा वॉर्डबॉय असतो, १२ तासांचे ८५० रुपये. रविवारी मीच सांभाळते, तरी महिन्याला २२ हजार जातात. कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्सची, म्हणजे मदतनीस भत्त्याची, चौकशी करायला गेले, तर खिडकीपलीकडून उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही कमावता ना? मग सांभाळणारं माणूस आहेच की घरात." अहो, कमावते म्हणूनच घरात नाहीये! बायकोचा पगार बघून हा भत्ता ठरावा का?

कोपऱ्यातला वाचक
राग मानू नका, पण ठरावा. पेन्शन आहे, माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, वर तुमचा पगार. माझ्या काकांचा हात गिरणीत मशीनमध्ये गेला. पुढे १९८२ चा संप झाला, नंतर गिरणीच गेली. शेवटची अकरा वर्षं काकूने धुणीभांडी करून त्यांचं सगळं केलं, तिला कोणी भत्ता दिला? तिजोरी एकच आहे. ज्याच्या घरी काहीच येत नाही त्याला आधी द्या.

निवृत्त सुभेदार
ताई, मतं नंतर, आधी नियम. अपंगत्व १०० टक्के असावं आणि त्याच अपंगत्वामुळे सतत माणूस लागतो असं वैद्यकीय मंडळाने म्हणावं, यावर हा भत्ता ठरतो. बायकोचा पगार हा निकषच नाही. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० झाला. सरकारी रुग्णालयात दाखल असतील तेवढे दिवस मिळत नाही. अर्ज लेखी द्या, नकारही लेखी घ्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे, पण तोंडी नकार घेऊन तिथे काय दाखवणार?

कोपऱ्यातला वाचक
नियम आहे हे मान्य. तो योग्य आहे का, असं ताईंनी विचारलंय.

हिशेबी
वहिनी, भत्त्यामागे कशाला धावता? आपल्यावर अवलंबून असलेल्या अपंग नातेवाइकासाठी आयकरात ८०डीडीखाली १,२५,००० ची वजावट असते, ती घ्या.

भांडुपकरीण
घेतली असती, भाऊ. नव्या कररचनेत ती नाहीच. जुन्या रचनेत नवरा माझ्यावर अवलंबून दाखवावा लागतो, आणि पेन्शन घेणारा माणूस अवलंबून कसा दाखवू? म्हणजे कर भरताना ते स्वतंत्र, आणि भत्ता मागताना माझ्या जिवावर! एक काय ते ठरवा.
कोपऱ्यातले दादा, तुमच्या काकूला मिळायलाच हवं होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, त्यासाठी भांडू या, मी येते. पण काकूला मिळालं नाही म्हणून ह्यांचं काढायचं? ह्यांची जखम माझ्या पगाराने भरत नाही. आणि २०१७ चा तो ६,७५० चा दर म्हणजे वॉर्डबॉयचे जेमतेम आठ दिवस.

दादरकर
पुण्यात खडकीला कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे राहायचा विचार केलात का? तिथे खेळ, शिकणं सगळं आहे. मुरलीकांत पेटकर ६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ ला पॅरालिम्पिकचं सुवर्ण घेऊन आले. जिद्द हवी.

भांडुपकरीण
पेटकरांना नमस्कार. आमच्याकडे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर बेडसोर होतात. तिथे जिद्द नाही, दोन हात लागतात. खडकीचं ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, "पोरगी शाळेतून आली की तिची बडबड तिथे कोण ऐकवणार?" मग मी विषय काढला नाही. गंमत बघा, त्याच पोरीसाठी मला नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. नवऱ्यासाठी वेगळी रजाच नाही.
सुभेदारसाहेब, बोर्डाच्या कागदावर मदतनीस हा शब्दच नाही. आता?

निवृत्त सुभेदार
मग आधी रिसर्व्हे मेडिकल बोर्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या फेरतपासणीसाठी, अर्ज करा. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत जोडा. नोकरीचं लपवू नका, पण त्यावर खुलासाही देत बसू नका.

भांडुपकरीण
सोमवारी अर्धी रजा टाकलीये.

कोपऱ्यातला वाचक
माझं मत तेच आहे. पण दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.