सात वर्षांचा नियम आणि मृत्यूची तारीख

किनाऱ्यावरच्या एका गावातून एक गृहस्थ बेपत्ता झाले असून त्यांचे नातेवाईक नागपुरात आहेत; सात वर्षे उलटताच कायदा त्यांना आपोआप मृत मानेल, असे या प्रकरणाबाबत म्हटले गेले आहे. ते अर्धेच बरोबर आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मधील आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम असलेली तरतूद एवढेच सांगते की, ज्यांना एरवी त्या व्यक्तीची खबर मिळाली असती त्यांनाच सात वर्षे काही कळले नसेल, तर ती हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. मृत्यू नेमका कधी झाला, हे त्यातून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले आणि हप्ते थांबल्यामुळे पॉलिसी बंद पडलेल्या त्या कुटुंबाला विम्याची पूर्ण रक्कम मिळाली नाही. म्हणून नागपुरातील नातेवाइकांनी, कितीही जड गेले तरी, बेपत्ता गृहस्थांच्या विम्याचे हप्ते भरत राहावे.

तपासाबाबत एकच सुचवतो. समुद्र तालुक्याची हद्द मानत नाही. त्यामुळे शेजारच्या किनारी जिल्ह्यांतील अकस्मात मृत्यूच्या नोंदी, विशेषतः ओळख न पटलेल्या मृतदेहांच्या, तपासून घ्याव्यात आणि आईवडील किंवा मुलांचे डीएनए नमुने जुळवणीसाठी घेण्याची विनंती बेपत्ता झाल्याची तक्रार जिथे नोंदवली त्या पोलीस ठाण्याकडे लेखी करून तिची पोच जपून ठेवावी. पुढे नागपूरच्या दिवाणी न्यायालयात मृत्यूच्या घोषणेसाठी दावा करायची वेळ आली, तर हीच कागदपत्रे उपयोगी पडतील.