अनुभव धागा: हातावर ठेवलेल्या पेढ्याचं तुम्ही काय करता?

इंदूरमध्ये सकाळ पोह्यांनी होते. पोह्यांवर शेव आणि जीरावण मसाला पडत असतो, तेव्हाच शेजारच्या कढईतून जिलबी निघत असते. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात त्याच ओट्यांसमोर रबडी, मालपुवा आणि ताटलीभर पसरलेला जलेबा येतो. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला याच गावात राहायचं असतं. म्हणून हा धागा.

माझं बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचं) होऊन साडेतीन वर्षं झाली. ११८ किलो होते, आज ७६ आहे. शस्त्रक्रियेनंतर आठव्या महिन्यात पुण्याची मावसबहीण आली, तिला हौसेनं सराफा दाखवायला नेलं. तिच्या रबडीतले चार चमचे मी खाल्ले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं ब्लाउज भिजला, पोटात कळ आली आणि डोळ्यांपुढे अंधारी. एका बंद दुकानाच्या पायरीवर डोकं टेकून बसले होते. बहीण रडत होती, तिला वाटलं हृदयाचं काही झालं. हेच ते डंपिंग. बायपासमध्ये जठराचा जेमतेम अंड्याएवढा, साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा उरतो आणि तो सरळ लहान आतड्याला जोडतात. अन्न थोडं थोडं खाली सोडणारं जठराचं दार वाटेत राहतच नाही. साखर एकदम आतड्यात उतरते आणि तिला पातळ करायला आतडं अंगातलं पाणी ओढून घेतं.

हे सगळं मला शस्त्रक्रियेच्या आधी सांगितलं होतं. पण ती रबडी मी मागितली नव्हती. "एवढ्याशानं काय होतंय गं, माझ्यासाठी," असं ती म्हणाली आणि मला नाही म्हणता आलं नाही. आपले पूर्वज होळकरांच्या काळात इकडे आले, पंगत आणि आग्रह बरोबर घेऊन आले. त्यात माळव्याची मनुहार, म्हणजे लाडानं केलेला आग्रह, मिसळली. गोड नाकारलं की माणूस नाकारल्यासारखं होतं आपल्याकडे. माझ्या मते खरा मोह तिथे आहे, जिभेवर तो फार थोडा आहे. तुम्ही काय करता, काय जमलं, काय जमलं नाही, ते लिहा. नावं नकोत, कोणती शस्त्रक्रिया आणि किती काळ झाला एवढं पुरे.

स्लीव्ह, १४ महिने, टिळकनगर

मी शाळेत शिकवते. संक्रांतीच्या महिन्यात हळदीकुंकवाची चौदा आमंत्रणं होती. पहिल्या तीन घरी तिळाचा लाडू खाल्ला आणि घरी येऊन स्वतःवर चिडले. चौथ्या घरापासून पर्समध्ये स्टीलची छोटी डबी ठेवायला लागले. तिळगूळ हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि समोरच डबीत ठेवायचा. लपवून नाही. "घरी नेते, दोघं मिळून खाऊ," म्हटलं की कुणीही पुढे काही बोललं नाही. रथसप्तमीपर्यंत डबी कितीदा भरली ते मोजलं नाही. शाळेतल्या मावशींच्या मुलांना तो तिळगूळ जायचा.

मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, पण जठराचं खालचं दार जागेवर राहतं. त्यामुळे काहींना डंपिंग होतं, पुष्कळांना होत नाही. मला होत नाही. धाग्याच्या सुरुवातीला ज्यांनी पायरीवर बसल्याचं लिहिलंय, त्यांना शरीर तरी थांबवतं. मला कुणी थांबवत नाही. उन्हाळ्यात शाळेतून येताना शिकंजी प्यायची सवय लागली. आपली शिकंजी म्हणजे लिंबाची नव्हे, दाट गोड दुधाची, सुक्या मेव्याची. दोन इडल्या पोटात मावत नाहीत, पण तो ग्लास सरसर उतरतो आणि पोट भरल्याचं कळतही नाही. दोन महिन्यांत ५ किलो परत आले. डायटिशियननं फक्त विचारलं, "पिता काय?" तोवर मी खाण्याचंच लिहून ठेवत होते. आता पिण्याचंही लिहिते. तुम्हीही लिहा, कळकळीनं सांगते.

मिनी बायपास (बायपासचाच एक प्रकार), २ वर्षं

क्लॉथ मार्केटमध्ये आमचं दुकान आहे. एका रविवारी मित्रांबरोबर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे आणि दोन जिलब्या खाल्ल्या. तेव्हा काहीच झालं नाही, म्हणून मनात म्हटलं, चला, जमलं. दोन तासांनी राजवाड्याजवळ स्कूटरवर हात थरथरायला लागले, शब्द जड झाले. कसाबसा बाजूला थांबलो. घरी येऊन मशीनवर बघितलं तर साखर ५२. घाबरून दोन पेढे खाल्ले. बरं वाटलं आणि पुन्हा दोन तासांनी तोच प्रकार.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की हे उशिराचं डंपिंग. साखर झपाट्यानं रक्तात चढते, शरीर घाबरून जास्त इन्सुलिन सोडतं, आणि मग साखर गरजेपेक्षा खाली येते. मी वर चढायला पेढा खात होतो आणि त्याच पेढ्यानं पुन्हा खाली पडत होतो. आता खिशात भाजलेले चणे असतात, दुकानात मशीन असतं. ७० च्या खाली गेलीच तर मोजून ग्लुकोज, आणि पाठोपाठ पनीर किंवा दाणे. माझ्यासारखं कुणाला गाडीवर झालं असेल तर कृपा करून ते हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

दिवाळीत व्यापाऱ्यांचे डबे येतात. पूर्वी उघडून बघायचो कुणी काय पाठवलं. आता आलेला डबा त्याच संध्याकाळी, न उघडता, हमालांच्या घरी. उघडला की तो आपला होतो.

बायपास, ९ वर्षं, निवृत्त

एक घास चालतो असं म्हणणाऱ्यांचा मला राग नाही. मला चालत नाही. माझा मधुमेह जुना, रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यायचो, शस्त्रक्रियेनंतर ते सुटलं. पहिल्या वर्षी मी एक घास, मग सणाला दोन घास करून पाहिलं. एका घासानं माझा दिवसभरचा विचार गोडावरच फिरत राहतो. म्हणून त्यानंतरची आठ वर्षं प्रसादाचा शिरासुद्धा बोटाला लावून कपाळाला लावतो. सत्यनारायण रागावलेला नाही.

बायपास, अडीच वर्षं, गरोदरपणाचा सहावा महिना

थोडक्यात पण महत्त्वाचं. गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पिऊन साखरेची तपासणी करतात. बायपास झालेल्यांना त्या पाण्यानं डंपिंग होऊ शकतं. मी लॅबमध्ये ग्लास हातात घेऊनही बसले होते, तेवढ्यात आठवलं आणि डॉक्टर बाईंना फोन केला. त्यांनी त्याऐवजी आठवडाभर घरीच जेवणाआधी आणि नंतर साखर मोजायला लावली. तुमची शस्त्रक्रिया झाली आहे हे प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक लॅबला आधी सांगा.

शस्त्रक्रिया माझी नाही, सुनेची, रामबाग

वय ६८. इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. आग्रह करणाऱ्यांबद्दल सगळे लिहितायत आणि ती आग्रह करणारी मी आहे.

सुनेचं बायपास झाल्यावरची पहिली होळी. पहाटेपासून पुरण वाटलं होतं. तिनं पानावरची पोळी उचलून मुलाच्या ताटात ठेवली. मी म्हटलं, "सणाच्या दिवशी पानावरून पोळी परत करू नये." माझा आवाज कसा होता ते मला आजही ऐकू येतं. तिनं काही न बोलता अर्धी पोळी दुधाबरोबर खाल्ली. मग तासभर न्हाणीघरात होती. मी दाराबाहेर उभी. आतून ओकाऱ्यांचा आवाज, आणि मधूनमधून ती म्हणते, "आई, काही नाही, तुम्ही जेवा."

त्यानंतर तिच्या पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. आहार सांगणाऱ्या मुलीला विचारलं, गूळ चालेल का, मध चालेल का? माझ्या मनात गूळ म्हणजे औषध. ती म्हणाली, आजी, आतड्याला गूळ आणि साखर सारखंच. तिनं वही काढून दाखवलं की सुनेला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि तिच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं. त्या वाटीत माझी पोळी बसली तर डाळीला, अंड्याला, पनीरला जागा कुठून येणार? प्रथिनं आधी, भाजी मग, पोळी-भात शेवटी, आणि जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासानं. माझं सगळं आयुष्य ताट वाढण्यात गेलं, पण ताट असं कुणी मला वाचून दाखवलं नव्हतं.

आता मी काय करते ते लिहिते, कुणाच्या सासूच्या उपयोगी पडेल. पुरणाची डाळ शिजली की गूळ घालण्याआधी वाटीभर बाजूला काढते. तिला तूप-जिरं आणि हिंगाची फोडणी देऊन सुनेच्या पानात उजवीकडे वाढते, पोळीच्या जागी. पाडव्याला चक्का बांधते. श्रीखंडाला चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालायची, ही माझ्या आईची रीत. साखर घालण्याआधीच चार चमचे तिच्या वाटीत जातात, वर केशर आणि वेलची. सगळ्यांच्या आधी नैवेद्य, आणि नैवेद्यानंतर तिची वाटी. पहिल्यांदा ती वाटी तिच्यापुढे ठेवली तेव्हा ती रडली. मीही.

पानावर रिकामी जागा मला सहन होत नव्हती, एवढंच होतं. तिथे काय वाढायचं ते मला माहीत नव्हतं.

मूळ धागाकर्ती

काकू, तुमचं वाचून मी माझ्या आईला फोन केला. आणखी काही लिहीत नाही.

स्लीव्ह, ३ वर्षं

'शुगर फ्री' मिठाईबद्दल सावध करायचं आहे. रक्षाबंधनाला भावानं मुद्दाम शोधून शुगर फ्री काजूकतली आणली. चार तुकडे खाल्ले आणि रात्रभर पोट फुगून गुडगुडत राहिलं, जुलाब झाले. डब्यावर माल्टिटॉल लिहिलं होतं. असले साखरेऐवजीचे पदार्थ आतड्यात पुरते शोषले जात नाहीत. आणि मावा, तूप, काजू तर त्यात तेवढेच असतात. भावाला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी पेरू आणायला सांगणार आहे.

स्लीव्ह, २ वर्षं, राजेंद्रनगर

मागच्या श्रावणात बाबा गेले. ते दर रविवारी सकाळी कागदात गुंडाळलेली गरम जिलबी आणायचे, तेलाचा डाग त्यांच्या सदऱ्यावर पडलेला असायचा. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं. लोकांनी प्रेमानं आणलेली मिठाई फ्रिजमध्ये भरून राहिली. सगळे परत गेले, आई झोपली की रात्री अकराला मी फ्रिज उघडायची. भूक नव्हती. पोट भरलेलं असायचं. उभ्या उभ्या एक तुकडा, दिव्याशिवाय. मिठाई संपली तर मी विकत आणायला लागले. पाच महिन्यांत ७ किलो वाढले.

स्लीव्हनंतर भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन कमी होतं, म्हणून सुरुवातीला खाण्याची आठवणही येत नाही. मला वाटलं होतं की आता मी सुटले. पण दुःखाला भुकेचा निरोप लागत नाही. हे मला समुपदेशक बाईंपुढे बसल्यावर कळलं, आणि तिथे जायला मी फार उशीर केला. तपासणीला गेलं की मला वजन विचारतात. झोप कशी आहे, घरी काय चाललंय, हे मी आपणहून सांगायला हवं होतं.

आता रात्री अकराला बडोद्याला भावाला फोन करते. त्यालाही झोप येत नसते. बोलायला काही नसलं तर नुसता चालू ठेवतो. रविवारी एकच जिलबी आणते. बाबांच्या फोटोपुढे ठेवते, मग आई आणि मी टेबलाशी बसून, आधी अंडं खाऊन, ती अर्धी अर्धी करतो. माझ्या वाट्याचे दोन घास होतात. आठ वर्षं एकही घास न घेणाऱ्या काकांचं मला पटतं, पण हे दोन घास मी सोडणार नाही. उजेडात, बसून, कुणाबरोबर तरी खाते. तेवढा नियम मी पाळते.

स्लीव्ह, १९ दिवस, सुदामानगर

सगळं वाचलं. मी अजून पातळ खाण्यावर आहे. परवा गणेश चतुर्थी. आमच्या घरी गणपती नसतो, दरवर्षी मी मामाकडे जाते आणि मामी एकवीस मोदकांतला एक माझ्यासाठी मोडून वर तूप सोडते. या वेळी जावं की नाही? घरी एकटं बसायचं मन नाही, आणि गेले तर मामीला काय सांगू, कळत नाही.

मूळ धागाकर्ती

मोदक नाही. एक घासही नाही, या आठवड्यात अजिबात नाही. टाके भरून यायचे आहेत, आणि उकडीसारखा चिकट पदार्थ अडकला तर फार हाल होतात. पण मामींना आजच फोन कर, परवावर टाकू नकोस. ताटापुढे बसून नाही म्हणणं सगळ्यांत कठीण जातं, हे मी पायरीवर बसून शिकले. मधल्या वेळेला जा, पंगतीच्या वेळेला नको. पाण्याची बाटली बरोबर ने, घोट घोट पीत राहा.

सुनेची सासू, रामबाग

मामीचा नंबर तुझ्याकडे आहे, तिला हे वाचून दाखव. मोदकाच्या वेळी तिलाही काहीतरी तुझ्या हातात द्यावंसं वाटेल, म्हणून सांगते. मूग भाजून शिजवायचे, घोटून बारीक गाळणीनं गाळायचे, जिऱ्याची पूड आणि किंचित मीठ. हे कढण. अर्धी वाटी, कोमट. पाण्याइतकं पातळ हवं, डॉक्टरांना एकदा विचारून घे. आणि तिच्याकडे जमलं नाही तर आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरतीला ये. वाटी मी ठेवते.