बटण जागचं हललं की हात अडतो

सवयी ओळखून ॲपनेच मांडणी बदलावी, म्हणजे ज्येष्ठांना सोपं जाईल, असं सुचवलं जातं. अक्षरं आपोआप मोठी होणं मला पटतं. जागा बदलणं अजिबात नाही.

माझी आई ७४ वर्षांची, नागपूरच्या महाल भागात राहते. बँकेच्या ॲपमधलं पासबुक तिला जागेवरून पाठ होतं: खालची रांग, डावीकडून दुसरं. एका सकाळी ॲपने ‘नेहमीचं’ म्हणून ते वर नेलं. अंगठा सवयीने जुन्या जागी गेला, भलतंच पान उघडलं. तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “तूच पाह्य ना बापा.” पेन्शन जमा झाली का, हे ती आजवर स्वतः बघायची.

मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस २००० मध्ये कमी वापराच्या आज्ञा लपवणारे मेनू आणले होते. २००७ च्या वर्डमध्ये त्या मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली.

ॲप ज्येष्ठांना जमतं का, या चाचणीबद्दलही बोलायला हवं. एसयूएस (सिस्टीम युजेबिलिटी स्केल) ही एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली हे विचारणारी दहा प्रश्नांची चांगली प्रश्नावली आहे, पण तिच्यातून कळतं ते मत. समोर चहा घेत चाचणी घ्यायला बसलेल्या मुलाला आपली म्हातारी माणसं “छान आहे” असंच सांगणार! म्हणून ॲपमधलं एकच काम त्यांच्या घरी, त्यांच्याच चष्म्याने, पहिल्या दिवशी आणि मांडणी बदलल्यावर पुन्हा करून घ्या. चुकीचे टॅप मोजा, मदत किती वेळा मागितली ते लिहा. आणि जुनी मांडणी त्यांना स्वतःला परत आणता येते का, हे आवर्जून बघा.