लॅग आणि लेटन्सी: दोन्हींना ‘विलंब’ कसे चालेल?

गंगापूररोडकर:
एका ऑनलाइन खेळाच्या मदतपुस्तिकेचा अनुवाद माझ्याकडे आला असून त्यातल्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडून बसलो आहे. लेटन्सी कमी असतानाही लॅग जाणवू शकतो, असे ते वाक्य आहे. दोन्हींना ‘विलंब’ लिहिले, तर ‘विलंब कमी असतानाही विलंब जाणवू शकतो’ असे हास्यास्पद विधान तयार होते. माझ्या समजुतीप्रमाणे लेटन्सी म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचून उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, आणि तो मोजता येतो. लॅग ही खेळ अडखळत चालल्याची खेळणाऱ्याची तक्रार आहे; तिच्यामागे लेटन्सी असेल, वाटेत हरवलेली पॅकेट्स, म्हणजे संदेशाचे तुकडे, असतील किंवा नुसता तापलेला फोनही असेल. भाच्याला विचारले तर तो म्हणाला, “मामा, विलंब सरकारी कामाला होतो, गेम लॅग मारतो.” आता ‘लॅग मारणे’ पुस्तिकेत कसे लिहू?

पंचवटीकर:
‘दिरंगाई’ हा अस्सल मराठी शब्द असताना एवढी शोधाशोध कशासाठी? ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रूढ करणारे सावरकर आपल्या भगूरचे. त्यांच्या जिल्ह्यात बसून आपण ‘लॅग’ला शब्द नाही म्हणावे, हे बरे दिसत नाही.

नाशिकरोडकर:
दिरंगाई फारसी ‘दिरंग’वरून आली आहे, त्यामुळे सावरकरांनी तिलाच आधी बाहेर काढले असते. शिवाय दिरंगाईत कोणाचा तरी आळस गृहीत असतो आणि प्रकाश आळशी नसतो. काचेच्या तंतूतून तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद कोणत्याही कंपनीला टाळता येत नाहीत. केबल वळणे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात.

रेल्वेतल्या नोकरीमुळे मला दुसरा शब्द सुचतो. रोज वीस मिनिटे उशिरा येणारी गाडी प्रवाशाला सोसते, कारण तो त्या हिशेबाने घरून निघतो. पण घाटासाठी जादा इंजिने जोडायला कसाऱ्याला थांबलेली गाडी आज पाच मिनिटांत सुटली आणि उद्या चाळीस मिनिटे अडकली, की फलाटावर ओरड होते. पहिला उशीर, दुसरी रखड. लेटन्सीच्या अशाच चढउताराला जिटर म्हणतात, आणि गंगापूररोडकरांच्या वाक्यातला लॅग बहुधा तोच आहे.

येवलेकर:
आमच्याकडे संक्रांतीला गच्चीवर उभे राहिलात तर शब्द आपोआप सापडेल. दोरीला झोळ पडला, की हाताने दिलेला हिसका पतंगापर्यंत उशिरा पोहोचतो आणि तोवर समोरच्याने काटलेले असते. लॅगला ‘झोळ’ म्हणावे.

मखमलाबादकर:
झोळ छान आहे, पण ऑनलाइन खेळात त्यापुढची एक गंमत असते, तिचे काय करणार? माझी मुलगी खेळत असताना मी स्वतः पाहिले आहे. तिचा गडी दारातून आत गेला, दोन पावले चालला, आणि एकाएकी उंबऱ्याबाहेर मागे ओढला गेला. फोन सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता अंदाजाने गडी पुढे सरकवतो, म्हणून बटण दाबताच तो हललेला दिसतो. निकाल मात्र सर्व्हरचा. तो अनेक खेळांत सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांनी एकदा, सगळ्यांच्या चाली जुळवतो. त्याच्या लेखी दार आधीच बंद झाले असेल, तर फोनला अंदाज मागे घ्यावा लागतो. हा विलंब नव्हे. ही पुढे केलेल्या घाईची दुरुस्ती आहे. जाता जाता सांगते, ‘विलंब’ लम्ब् धातूवरून, म्हणजे लोंबण्यावरून आला आहे. मुले ‘हँग झाला’ म्हणतात, तेव्हा ती नकळत संस्कृतच बोलत असतात.

पंचवटीकर:
मिलिसेकंदांनाही पर्याय हवा. आपल्या कालगणनेत ‘विपळ’ आहे.

नाशिकरोडकर:
घटका २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग पळ, आणि पळाचा साठावा भाग विपळ, म्हणजे ४०० मिलिसेकंद. विपळभर लेटन्सी असलेल्या सर्व्हरवर मुले नेमबाजीचा खेळ खेळणार नाहीत.

गंगापूररोडकर:
पुस्तिका शुक्रवारी द्यायची आहे. तूर्त ‘उशीर कमी असतानाही खेळ रखडू शकतो’ असे लिहिले आहे. पुढच्याच ओळीत ‘पिंग’, म्हणजे खेळात दिसणारा लेटन्सीचा आकडा, आहे. तो वाढला, ती वाढली की ते वाढले?

पंचवटीकर:
‘उशीर’ संस्कृत ‘उत्सूर’वरून आला, आणि त्याचा अर्थ संध्याकाळ. दिवेलागणीला निघालेला शब्द आपण मिलिसेकंदांच्या दावणीला बांधत आहात.

मखमलाबादकर:
आमच्या घरी ती वाढते, शेजारी तो वाढतो. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी हा वेळ मोजणारा ‘पिंग’ प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्याला पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजाचे नाव दिले. आवाज म्हणून पुल्लिंग धरावा, तर मग ‘टिकटिक’ आणि ‘खणखण’ स्त्रीलिंगी कशा?

येवलेकर:
आणि ‘गेम’? येवल्यात तो खेळला जातो, नाशिकला आलो की पोरे म्हणतात, “काका, मस्त गेम आहे, खेळून बघा ना ती.”