समुद्रफुलाच्या खांबावरच्या 'व्हेरुकी'ला मराठीत काय म्हणावं?

खारंपाणी: टाकीतलं समुद्रफूल (सी ॲनिमोन) कोणत्या जातीचं हे ओळखण्यासाठी मराठीत टिपणं काढतोय. एका शब्दावर गाडी अडलीय. नुसती शुंडकं (तोंडाभोवतीची टेंटॅकल्स) बघून जात सांगता येत नाही. बबल-टिप या जातीच्या शुंडकांची टोकं आज फुगलेली, उद्या सरळ. खरी खूण खाली खांबावर, म्हणजे धडावर, असते. बबल-टिपचा, म्हणजे एंटाक्मिया क्वाड्रिकलरचा, खांब गुळगुळीत. लाँग टेंटॅकल आणि सीबी या जातींच्या खांबावर वरच्या अंगाला व्हेरुकी, म्हणजे बारीक उंचवटे, असतात. व्हेरुका म्हणजे लॅटिनमध्ये चामखीळ, म्हणून मी 'चामखीळ' लिहिलं. बहिणीने वाचलं आणि विचारलं, "याला औषध काय देतोस?" दुसरा शब्द सुचवा.

रानवाट: पुटकुळी?

खारंपाणी: तेही दुखणंच. शिवाय पुटकुळी फुटते. काल ते सरकत सरकत बाजूच्या काचेला टेकलं तेव्हा भिंग लावून पाहिलं: उभ्या ओळींत फिकट ठिपके, मोहरीहून बारीक, आणि दोन ठिपक्यांनी वाळूचा एकेक कण धरून ठेवलेला. पंपाचा झोत थेट अंगावर येत होता, तरी कण सुटला नाही.

जुनीवही: आधी 'फूल' सोडा. फूल म्हटलं की मागोमाग देठ आणि पाकळ्या येतात. हा प्राणी आहे. कोळंबीचा तुकडा लागला की शुंडकं आत वळतात, तोंड मिटतं, आणि न पचलेलं त्याच तोंडातून बाहेर पडतं. आधीच 'समुद्रफळ' हे झाड आहे आणि 'समुद्रफेन' हे कटलफिशचं आतलं कवच. त्यात आणखी भर कशाला?

शब्दवेल्हाळ: शास्त्रानेच फूल म्हटलंय त्याला. त्याचा वर्ग ॲन्थोझोआ, म्हणजे शब्दशः फूल-प्राणी. ॲनिमोन हेही मुळात एका फुलझाडाचं नाव, ग्रीक 'ॲनेमॉस' म्हणजे वारा यावरून आलेलं. आपला 'अनिल' त्याच धातूतला, 'प्राण'सुद्धा. वाऱ्याचं फूल पाण्यात उतरलं, इतका सुंदर प्रवास मोडू नका.

रोजचंबोली: प्रवास सुंदर आहे, पण टाकी ठेवणारे सगळे ॲनिमोनच म्हणतात. 'समुद्रफूल' म्हटलं की पुन्हा समजावून सांगावं लागतं.

जुनीवही: इंग्रजी उच्चार तरी 'अनेमनी'च्या जवळचा आहे. 'ॲनिमोन' कुठून आला?

रोजचंबोली: लिहिलंय तसं वाचलं, म्हणून. 'हॉस्पिटल'चं 'इस्पितळ' झालं तेव्हा कोणी उच्चार तपासला नव्हता. माझा प्रश्न वेगळाच आहे: तो ॲनिमोन की ते ॲनिमोन? आमच्याकडे बाबा 'तो' म्हणतात, मी 'ते'.

निळीकाच: खारंपाणी, तुमच्या प्रश्नाकडे येते. वाळू धरून ठेवत असेल तर बबल-टिप बाद. खांबाचा खालचा भाग लालसर-नारिंगी असेल आणि पाय वाळूत रुतवत असेल, तर मॅक्रोडॅक्टिला डोरीन्सिसकडे, म्हणजे लाँग टेंटॅकलकडे, झुकतं माप. खांब राखाडी आणि चिवट असेल तर सीबी. पूर्वी त्याला हेटेरॅक्टिस क्रिस्पा म्हणायचे, आता रेडिअँथस. शब्द म्हणाल तर 'चिकटदाणे' लिहा. काम काय करतात तेही त्यात येतं.

शब्दवेल्हाळ: रेडिअँथस! 'अँथस' म्हणजे पुन्हा फूलच.

जुनीवही: 'दाणे' नको, धान्य वाटतं. 'गाठी' लिहा.

खारंपाणी: गाठ आत असते, हे बाहेर उठलेलं आहे. 'चिकटदाणे' बरं वाटतंय. खालचा भाग वाळूत आहे, आज रात्री टॉर्च लावून रंग बघतो.

रानवाट: मला मगापासून 'शुंडक' खटकतंय. शुंडा म्हणजे हत्तीची सोंड, तीही एकच. इथे शंभरेक असतात.

रोजचंबोली: शाळेच्या पुस्तकात शुंडकेच होतं.

रानवाट: होतं, पण मग 'स्पर्शिका' काय वाईट होता?