ज्वारीत पोंगेमर, खोडमाशीला पुरून उरणारं बियाणं नाही का?

मंगळवेढ्याकडचा: पेरून वीस दिवस झाले, मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, पिवळा पडून सुकलाय, ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजका वास. शेजारी मालदांडी हे देशी वाण आहे, त्यात एवढं नाही, माझं हायब्रीड आहे, असं का?

काळी_माती: खोडमाशीच ती दादा. पानाखाली पांढरी अंडी घालते, अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंबच कापते. मालदांडीची रोपं नीट बघा, पानं गुळगुळीत चकाकतात आणि पानाखाली बारीक लव असते, तिथं माशीला अंडी घालायला आवडत नाही.

बीजवाला: हायब्रीडची गोची अशी की चकाकी हा अप्रभावी गुण, म्हणजे नर आणि मादी दोन्ही वाणांत असला तरच हायब्रीडमध्ये उतरतो, एकात घालून भागत नाही. १९६४ ला सीएसएच-१ हे हायब्रीड ज्वारीचं बियाणं आलं, उत्पन्न भारी पण माशीला मेजवानीच. इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेवाले म्हणूनच दोन्हीकडच्या वाणांवर काम करत बसले. बाकी पूर्ण माशीमुक्त वाण कोणी विकत असेल तर हात जोडून पुढं जा.

मंगळवेढ्याकडचा: मी सप्टेंबर लागताच पेरलं होतं, ते पण नडलं का?

काळी_माती: नडणारच की, १५ सप्टेंबरनंतर पेरायचं हो.